पचलेला माणूस

आमच्या सोसायटीतल्या बायकांना माझं एक कोडं पडलेलं आहे. साखर सोडा, गूळ खा, असं हल्ली जो तो सांगतो. हळदीकुंकवाला वाण म्हणूनसुद्धा गुळाची पाकिटं मिळतात, वर हिरव्या अक्षरात 'सेंद्रिय' छापलेली. मी ती घेते, छान आहे म्हणते आणि खाली वॉचमनच्या बायकोला देऊन टाकते. होळीला पुरणसुद्धा मी साखरेचं शिजवते. परवा एकीनं तोंडावर विचारलंच, शैलाताई, हे काय खूळ तुमचं? मी म्हटलं, लहानपणी एवढा खाल्लाय की विटले बाई. ती हसली आणि विषय संपला. खोटं नव्हतं, पण अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं असं लिफ्टची वाट बघता बघता सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिते.

मी वाशीच्या कॉलेजात जात होते तेव्हाची ही गोष्ट. आम्ही ठाणे-बेलापूर रोडला लागून असलेल्या फायर ब्रिगेडच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. पुढं स्टेशन, तिथं लाल बंब रस्त्याकडं तोंड करून सदा उभे. मागं आमच्या इमारती आणि दोन्हींच्या मधे ओले होज, म्हणजे पाण्याचे लांब पाइप, सुकायला टांगतात तो उंच मनोरा. रस्त्यापलीकडं सगळ्या कंपन्या. वारा कुठून सुटलाय हे आम्हाला नाकानं कळायचं. एका बाजूनं कुजक्या अंड्यांचा वास, दुसऱ्या बाजूनं नेलपॉलिशसारखा गोडसर. गावाकडनं पाहुणे आले की नाकाला पदर लावून बसायचे आणि आम्ही भावंडं त्यांची टिंगल करायचो. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. पण क्वार्टर्समध्ये कोण कुठला हे फक्त बायकांच्या भाजीच्या फोडणीवरून ओळखायचं. बाकी सगळे बंबवालेच.

घंटा वाजली की 'वर्दी आली' म्हणायचं. वर्दी म्हणजे आगीची खबर. बाहेरच्या माणसांना वर्दी म्हणजे अंगावरचा खाकी ड्रेस वाटतो, आम्ही मात्र तो शब्द ऐकला की जिन्यातली वाट मोकळी करायचो. आबा जेवत असले तर हातातला घास ताटात टाकून धावायचे. जिना उतरताना त्यांच्या बुटांचा आवाज, मग बंबाची घरघर, मग रस्त्यावर लांब जाणारी ती घंटा. आई ताटावर दुसरं ताट झाकायची आणि ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापत राहायची, नको असल्या तरी. मग आम्ही मुलं बोलायचो, कुठं असेल, रबाळ्याला की तुर्भ्याला. जणू काही मॅच चालू होती.

आबा म्हणजे माझे वडील. उंच, रुंद, मिशा झुपकेदार. एका बाजूची मिशी एकदा आगीत होरपळली तेव्हापासून ती बाजू जरा विरळच राहिली आणि त्याचीही त्यांना ऐट होती. माणूस हौशी, बोलका, पण व्यसन कशाचं म्हणून नाही. विडी नाही, तंबाखू नाही, जेवणानंतर सुपारीचं खांडसुद्धा नाही. त्यांच्या वडिलांनी दारूपायी घर धुळीला मिळवलेलं त्यांनी पाहिलं होतं. आईला या गोष्टीचा इतका अभिमान की शेजारपाजारी कुणाचा नवरा पिऊन आला की ती आमच्या दाराला जरा जास्तच मोठी रांगोळी घालायची.

आता गूळ. आईला आणि शेजारच्या कदमकाकूंना एपीएमसी मार्केटातून अख्खी ढेप आणून अर्धी अर्धी वाटून घ्यायची सवय होती. ती ढेप पातेल्यात पालथी ठेवलेली असायची, वर ओलं फडकं. आगीवरून आबा आले की आई बत्त्यानं एक मोठा खडा फोडायची आणि पाण्याच्याही आधी त्यांच्या हातावर ठेवायची. गूळ खाल्ला की घशात, छातीत अडकलेला धूर त्याला चिकटतो आणि पोटातून निघून जातो, असं सगळं स्टेशन मानायचं. गिरण्यांत काम केलेल्या जुन्या माणसांकडून ते आलं होतं म्हणे. आबांबरोबर आम्हालाही खडा मिळायचा, फुकटचा. आबांच्या अंगाला काजळीचा, जळक्या रबराचा वास, त्यांचा काळा कोट पॅसेजमध्ये खिळ्याला टांगलेला, आणि आम्ही त्या कोटाखाली बसून मिटक्या मारत गूळ खातोय. तो कोट कधी धुतला जात नसे. कोट जितका काळा तितका माणूस जुना. नव्या कोटाला बंबवाले हसायचे. शर्ट-पँट मात्र आई आमच्याच कपड्यांबरोबर धुवायची आणि पाणी काळं झालं की कौतुकानं मला दाखवायची, बघ गं, केवढी आग होती.

स्टेशनात एक शब्द होता, पचणे. नवा फायरमन पहिल्या मोठ्या आगीतून बाहेर यायचा तेव्हा डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि बहुतेकजण रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकायचे. मग जुने म्हणायचे, अजून धूर पचला नाही ह्याला. त्याला त्या दिवशी बंब धुवायला लावायचे. ज्या दिवशी तो न ओकता ताठ उभा राहायचा, त्या दिवशी स्टेशनातला सगळ्यात जुना माणूस आपल्या हातानं त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, 'पचला रे पचला!' सगळे टाळ्या वाजवायचे. आमच्या स्टेशनात हा मान आबांचा होता. त्यांना धूर इतका पचलेला की तोंडाला ओलं फडकं बांधून ते जिथं जायचे तिथं दुसरा कुणी जात नसे. 'पचलेला माणूस आहे,' असं स्टेशनचे साहेबसुद्धा म्हणायचे.

पाठीवर बांधायचा हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क, ह्याला सगळे नुसतं 'सेट' म्हणत. असे मोजकेच सेट स्टेशनात होते आणि ते कपाटात कुलपात होते. बाहेरून मोठे अधिकारी तपासणीला आले की, किंवा सव्वीस जानेवारीला शाळेच्या मुलांना प्रात्यक्षिक दाखवायचं असलं की ते बाहेर निघायचे. जड असतात, बांधायला वेळ लागतो, तोवर आग पसरते, अशी कारणं होती आणि ती सगळीच खोटी नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. सेट घालणारा म्हणजे न पचलेला. आबा तर म्हणायचे, नवरीसारखा घुंगट घेऊन काय आगीत जायचं.

माझा धाकटा भाऊ संजू हे सगळं ऐकत वाढला. बारावी कशीबशी झाला आणि फायर ब्रिगेडच्या भरतीची तयारी करायला लागला. आबांनीच त्याला तयार केलं. ओला होज खांद्यावर टाकून मनोरा चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. आबा खाली खुर्ची टाकून बसायचे आणि शिव्या घालायचे, प्रेमानं. संजू अबोल होता. परीक्षेत कधी त्याचं नाव झालं नाही, खेळात नाही. आबांच्या तोंडून एकदा सगळ्यांदेखत 'पचला' ऐकायचं, एवढीच त्या पोराची जगातली हौस होती. मला चांगलं ठाऊक आहे, कारण गच्चीवर पतंग उडवताना त्यानं मला ते सांगितलं होतं आणि मी त्याला वेडा म्हटलं होतं.

मग ती दिघ्याच्या बाजूची आग लागली. कसल्याशा पिंपांचं गोदाम होतं. पिंपं फुटून आकाशात उडत होती आणि आमच्या गच्चीवरून तो धूर कधी पिवळा, कधी जांभळट दिसत होता. बायका कडेवर पोरं घेऊन ती गंमत बघत होत्या, मीही बघत होते. आबा दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर घरी आले. नेहमीसारखा गूळ घेतला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. आम्हाला हसूच आलं. एवढा गरजणारा माणूस खुणा करतोय म्हणून आईसुद्धा पदरात तोंड घालून हसली. काही दिवसांनी आवाज आला, पण अर्धाच. त्याच्याबरोबर खोकला आला, तो मात्र पुरा.

खोकल्याला आम्ही काय काय केलं ते आठवलं की आता स्वतःची कीव येते. अडुळसा, हळदीचं दूध, ओवा आणि या सगळ्यांच्या वरताण गूळ. आई सकाळ-संध्याकाळ गूळ द्यायला लागली. राहिलेला धूर निघतोय, म्हणायची. तळवलीची हिराबाय मासळीची टोपली घेऊन आमच्याकडं यायची, ती खाडीतल्या निवट्यांचा रस्सा करून घाल म्हणाली, तोही केला. आबा उतरत चालले. खाकी पँट कमरेला पट्ट्यानं आवळून घ्यायला लागले. जवळच्या डॉक्टरांनी टीबी म्हणून औषधं सुरू केली आणि कितीतरी महिने ती चालली. आबांची भांडी वेगळी झाली. पण गूळ बंद झाला नाही. शेवटी आबा बेसिनमध्ये खोकले आणि लाल पाणी पडलं, तेव्हा कदमकाका, म्हणजे आबांच्या बरोबरीचे फायरमन, त्यांना हाताला धरून परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. आई आणि मीही गेलो.

तिथल्या तपासण्या झाल्या. फुप्फुसात गाठ होती, आणि ती साधी नव्हती. कॅन्सर हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला, आमच्यापैकी कुणी त्यानंतर उच्चारला नाही, आम्ही 'गाठ'च म्हणत राहिलो. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, बाहेर शंभर माणसं ताटकळत होती. त्यानं मान वर न करता विचारलं, "धूम्रपान करता?"

आबांच्या आधी आईच बोलली. देवाशपथ नाही हो साहेब, सुपारीसुद्धा खात नाहीत. डॉक्टर म्हणाला, मावशी, लपवू नका, सगळेच असं सांगतात. आईचा चेहरा लालबुंद झाला. आणि तेवढ्यात आबा, त्या फाटक्या आवाजात, अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "करतो की. लई वर्षं झाली. सरकार पगार देतंय त्याचा."

हा आबांचा विनोद होता. कदमकाका हसलेसुद्धा. पण डॉक्टरनं फक्त 'करतो' एवढंच ऐकलं, लिहून घेतलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आमचा निर्व्यसनी आबा कागदावर विडीबाज झाला, तो कायमचा. बाहेर आल्यावर आईनं मला सांगितलं, जा, परत जा, त्यांना खोडायला सांग. मी गेले, पण दारावरच्या माणसानं आत सोडलं नाही. येताना वाशीच्या खाडीपुलावरून बस येईस्तोवर आई आबांशी बोलली नाही. पूल ओलांडल्यावर एवढंच म्हणाली, तुम्हाला सगळ्याची थट्टा सुचते. आबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना ती थट्टा सुचली तेव्हाच, त्या खुर्चीवर बसल्या बसल्याच, सगळं कळलं होतं असं मला आता वाटतं. तोपर्यंत कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की दुखणं धुरातून आलंय. आता सांगतात. आगी विझवणाऱ्यांचं कामच कर्करोगाला आमंत्रण देतं, काजळी कातडीतूनसुद्धा आत जाते, कोट घरात आणू नये, असलं सगळं संजूनं मला मध्यंतरी मोबाइलवर वाचून दाखवलं. मी म्हटलं, बंद कर ते. कुणाला सांगू मी आता, पॅसेजमधल्या त्या खिळ्याला?

हिराबाय भेटायला आली तेव्हा टोपली दाराबाहेर ठेवून आत आली आणि आबांच्या पायाशी बसली. "बिरी नाय, दारू नाय," ती मला म्हणाली, "मंग यो रोग तुज्या बापाला कसा झाला गो?" क्वार्टर्समधल्या बाकीच्यांनी आपापलं उत्तर काढलेलंच होतं. लपून ओढत असेल, असं जिन्यात दोघी बोलताना मी ऐकलं, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी झिंज्या उपटाव्यात असं मला वाटलं.

परळला 'शेक' द्यायला सुरुवात झाली. त्या मशीनच्या उपचाराला सगळे शेकच म्हणायचे. आबा म्हणाले, जन्मभर तेच केलं, आणखी जरा. जोडीला सलाइनमधून औषधं चालू झाली आणि मिशा, केस, सगळं गेलं. आणि नेमकी त्याच सुमाराला संजूची भरतीत निवड झाली. ट्रेनिंग संपवून तो आमच्याच स्टेशनला हजर झाला, आबांचा मुलगा म्हणून साहेबांनी त्याला मागून घेतलं होतं. पेढे आले. आबांनी पेढा हातात धरला आणि संजूला म्हणाले, तू हे काम करायचं न्हाईस.

त्या दुपारी आमच्या घरात जे झालं ते भांडणही नव्हतं, भांडण बरं असतं. आबा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, सोड, कंपनीत लाग, भाजी विक, पण हे सोड. संजू खाली मान घालून उभा. शेवटी आई बोलली. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही गेल्यावर हे घर खाली करावं लागेल. पोर कामावर असलं तरच राहता येईल. आम्ही कुठं जायचं ते सांगा, मग सोडतो." इतकं सरळ तोंडावर कुणी बोलतं का? पण आई बोलली, आणि तिचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. आबा भिंतीकडं बघत म्हणाले, मग सेट घातल्याबिगर आत जायचं न्हाई. एवढं तरी कर. संजू 'हो' म्हणाला.

दसऱ्याला स्टेशनात पूजा असते. बंब धुऊन पुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात, कुऱ्हाडी, शिड्या, होज, सगळी हत्यारं मांडतात, हळदकुंकू वाहतात. क्वार्टर्समधल्या बायका-पोरं नटूनथटून खाली येतात. त्या वर्षी आबांना जिना उतरवत नव्हता. संजूनं त्यांना आगीतून माणूस काढतात तसं खांद्यावर घेतलं आणि खाली आणून खुर्चीवर बसवलं. आबांचं वजन पोत्याएवढंही राहिलं नव्हतं. आदल्याच आठवड्यात तुर्भ्याला प्लास्टिकचं गोदाम जळालं होतं, सेट तेव्हा कपाटातच होते, आणि संजू त्याच्या पहिल्या मोठ्या आगीतून न ओकता बाहेर आला होता. कदमकाकांनी त्याचा गूळ मुद्दाम राखून ठेवला होता. दसऱ्याचा मुहूर्त, बाप समोर, बापाच्याच हातानं होऊ दे, असा त्यांचा बेत. माणूस मनानं फार चांगला, त्यांना दोष देऊ नये.

आरती झाली. कदमकाका ताटलीत गुळाचा खडा घेऊन आबांपाशी आले आणि संजूला पुढं ढकललं. संजू नव्या खाकीत, केस पाण्यानं चापून बसवलेले, कान लाल झालेले. आबांनी खडा उचलला. बराच वेळ बोटांत फिरवला.

"कदम, गूळ कशाबद्दल?"

"पचला की पोराला. तुमचंच रक्त आहे," कदमकाका म्हणाले.

"माझं रक्त बघितलंस का तू? थुंकतो तवा बघ." आबांचा आवाज इतका बारीक की सगळे वाकून ऐकत होते. "मला पचला न्हाई. तुलाबी न्हाई, तुला अजून कळायचंय. कुणाला पचत न्हाई. माझ्या हातानं ह्याच्या तोंडात हे घालायला लावू नकोस."

त्यांनी तो खडा परत ताटलीत ठेवला. मग साहेबांकडं वळून म्हणाले, आज हत्यारांची पूजा ना, मग कपाटातले सेट कुठं हायत? ती हत्यारं न्हाईत व्हय? साहेबांनी किल्ली मागवली. सेट बाहेर आले, धुळीनं माखलेले. एकानं फडक्यानं पुसले, आईनं पुढं होऊन त्यांना हळदकुंकू लावलं. कदमकाका मात्र शुभ दिवशी असं अभद्र बोलू नये असं पुटपुटत निघून गेले आणि त्यानंतर कितीतरी दिवस ते आमच्या घरी आले नाहीत. आबांनी आयुष्यभर कमावलेलं एकच नाव होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांसमोर असं टाकून दिलं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

संजूला मात्र तसं काही वाटलं नाही. तो मनोऱ्याच्या मागं जाऊन उभा होता. मी गेले तर म्हणाला, "ताई, सगळ्यांसमोर नापास केलं मला." मी त्याला समजावलं की अरे, तुझ्या जिवासाठीच केलं. तो म्हणाला, मला ठाऊक आहे. पण म्हणायला काय जात होतं त्यांचं? एकदा म्हणायचं आणि मग कानात सांगायचं, सेट घाल म्हणून. मला तेव्हा त्याचा राग आला. आज तो पन्नाशीचा आहे, तीन स्टेशनं फिरलाय, मुलीचं लग्न केलंय, आणि अजूनही घरात दोन माणसं जास्त जमली की ही गोष्ट काढतो आणि तिथंच येऊन थांबतो. आता मला राग येत नाही.

दसऱ्यानंतर सेट कपाटातून बाहेर आले खरे, पण होते मोजके आणि माणसं जास्त. जुने ते घेत नसत म्हणून ते पडून राहायचे आणि नव्यानं घेतला तर त्याची खिल्ली. संजू दिसला की पोरं ओरडायची, आला रे नवरीबाई. आबा मात्र प्रत्येक आगीनंतर विचारायचे. बोलवत नसे तेव्हा नुसता पंजा तोंडावर ठेवून दाखवायचे, मास्क? संजू म्हणायचा, हो आबा, घातला होता. आबा मान डोलवायचे आणि डोळे मिटायचे. आई पदरानं त्यांचं तोंड पुसायची. त्या दिवसांत आमच्या घरात तेवढंच एक समाधान होतं.

मग दिवाळीच्या तोंडावरची ती दुपार. रबाळ्याच्या पुढं फोमच्या गाद्यांचं गोदाम पेटलं होतं. आई आत चकल्यांची भाजणी भाजत होती, कारण सण कुणासाठी थांबत नाही. मी आबांच्या उशाशी बसले होते. संजू आला. खाली नळावर तोंड धुऊन, केस ओले करून, स्वच्छ शर्ट घालून आला होता. आबांनी पंजा तोंडावर ठेवला. संजू म्हणाला, "हो आबा, घातला होता."

आबांनी त्याला बोटानं जवळ बोलावलं. त्यांची थुंकी पुसायला आम्ही जुन्या धोतराचे मऊ तुकडे करून ठेवले होते. त्यातला एक कोरा त्यांनी घेतला. संजू वाकला, त्याला वाटलं डोक्यावरून हात फिरवताहेत. आबांनी डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली, आणि लहान पोराचं नाक साफ करतात तसं त्या फडक्याचं टोक पिळून त्याच्या नाकपुडीत घातलं, हळूच फिरवलं आणि बाहेर काढून उजेडाकडं धरलं. मास्क लावलेल्या माणसाच्या नाकात काजळी जात नाही. फडक्याचं टोक काळंकुट्ट होतं.

आबा त्याच्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग ते हसल्यासारखं करून म्हणाले, "संज्या, खोटं बोलायचं तर नाक तरी धुऊन यायचं, बाळा."

संजू त्यांच्या कॉटपाशी खाली बसला आणि एवढा मोठा बाप्या हुंदके देऊन रडायला लागला. आई उलथनं हातात घेऊनच बाहेर आली. संजू म्हणत होता, चुकलो आबा, पुन्हा नाही, आता जाणार नाही सेटशिवाय, तुमच्या पायाशपथ. आबा त्याच्या पाठीवर थोपटत होते, पण बघत होते फडक्याकडंच. मी ते घ्यायला हात पुढं केला तर त्यांनी मूठ आवळली.

त्याच आठवड्यात आबा गेले. संजू त्या दुपारनंतर नोकरीच्या इतक्या वर्षांत एकदाही सेटशिवाय आत गेला नाही. सेट नसला की बाहेर उभा राहिला, भित्रा म्हणवून घेतलं, साहेबांची बोलणी खाल्ली, पण गेला नाही. त्यानं शब्द पाळला, आणि हे आबांना कधीच कळलं नाही. जाताना त्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते एवढंच, की पोराच्या आत धूर गेलाय.